इयादत दहा मिनिटांची, तीमारदारी रात्रभराची

(धरमतर इथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला आयटीतल्या करिअरवर बोलायला सांगितलं होतं. त्यावर बोलणारे खूप आहेत आणि ते तुमच्या मोबाइलवर फुकट मिळतात. मी म्हटलं, मला आजारी माणसाच्या शुश्रूषेवर बोलू द्या. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, ‘बरं.’ हे ‘बरं’ लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आपल्या घरांत या कामासाठी दोन शब्द आहेत आणि आपण ते एकच असल्यासारखे वापरतो. इयादत आणि तीमारदारी. इयादत म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाणं. ते आपल्याला छान जमतं. कुणाला फालिज मारल्याची खबर लागली की असरपर्यंत घर भरून जातं. मोसंबी येतात, शहाळी येतात, बिस्किटांचे पुडे येतात. प्रत्येक जण एकेक इलाज सांगून जातो. आमच्याकडे तिघांनी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, त्यातला एक जण पदवीधर होता. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. मुसलमानाचे मुसलमानावर जे हक्क सांगितले आहेत, त्यांत इयादत आहेच. पण दहा मिनिटांनी पाहुणा उठतो, चपला घालतो, आणि मग रात्र सुरू होते. त्या रात्रीचं नाव तीमारदारी. ‘तीमार’ हा फारसी शब्द आहे, त्यात काळजीही आहे आणि दुःखही. तीमारदार म्हणजे ते दोन्ही धरून बसलेला माणूस.

मराठीतला ‘शुश्रूषा’ हा शब्द शाळेत आम्हाला फक्त शुद्धलेखनासाठी विचारायचे. पहिला उकार ऱ्हस्व, दुसरा दीर्घ, एवढं पाठ केलं की मार्क मिळायचे. त्याचा अर्थ मला कळला तो तिशीत. जिज्ञासा म्हणजे जाणून घेण्याची इच्छा, पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, तशी शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. ‘श्रु’ या धातूपासून. सेवा हा अर्थ त्यातूनच पुढे आला. हे मला सांगणारा माणूस भाषेचा प्राध्यापक होता आणि त्याला माझ्या घरी काय चाललंय हे माहीत नव्हतं. मी मात्र ते ऐकून बराच वेळ गप्प होतो, कारण माझ्या घरी एक माणूस होता ज्याला बोलता येत नव्हतं.

अब्बा याच खाडीत बार्जवर सारंग होते. २०२१ मध्ये त्यांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. हा प्रकार वैद्यकशास्त्राला फार जुना आहे. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका या डॉक्टरने एक रुग्ण तपासला, ज्याला ‘टॅन’ एवढंच बोलता यायचं. तो वारल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू पाहिला तेव्हा डाव्या बाजूच्या एका ठरावीक जागी इजा सापडली. त्या जागेला आजही ब्रोकाचं नाव आहे. आमच्या अब्बांकडे एकच शब्द उरला, ‘बरं.’ पाणी हवंय, बरं. कूस दुखतेय, बरं. लघवी झालीय, बरं. टीव्ही बंद करा, बरं. एका दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘काय काका, त्रास आहे का काही?’ अब्बा म्हणाले, ‘बरं.’ कागदावर लिहिलं गेलं की रुग्णाची काही तक्रार नाही.

पुढची अडीच वर्षं आम्ही ते ‘बरं’ ऐकायला शिकलो. आम्ही म्हणजे मी, माझी भाभी, रोह्याला दिलेली बहीण येऊन-जाऊन, आणि मुख्य म्हणजे अब्बांची बहीण, माझी फुफी. मोठा भाऊ दोह्याला. तो दर महिन्याला न चुकता पैसे पाठवायचा, आणि औषधं, गादी, डायपर सगळं त्याच पैशातून यायचं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी परदेशातल्या भावांबद्दल बोललो की तुम्हाला वाटेल मी टोमणा मारतोय. माझं ऑफिसचं काम घरून चालायचं, म्हणून मी इथे राहू शकलो.

अमेरिकेत बार्बरा कार्पर नावाच्या नर्सिंगच्या अभ्यासक होत्या. त्यांनी १९७८ साली एक लेख लिहिला. प्रश्न साधा होता: नर्सला जे कळतं ते तिला कशावरून कळतं? त्यांचं उत्तर असं की चार वाटांनी. एक शास्त्राची, म्हणजे मोजून, तपासून कळणारं. दुसरी कलेची, हाताला आणि डोळ्याला कळणारं. तिसरी स्वतःला ओळखण्याची. चौथी नीतीची, म्हणजे आत्ता काय करणं योग्य आहे याची. जगभरात नर्सिंगच्या विद्यार्थिनींना हे शिकवतात आणि प्रत्येकीला ‘तुझं शुश्रूषेचं तत्त्वज्ञान काय’ यावर लिहायला लावतात. मी नर्स नाही, मला कुणी लिहायला लावलं नाही. पण आमच्या घरातल्या त्या खोलीत या चारही वाटा रोज एकमेकींना आडव्या यायच्या.

मोजण्याची वाट माझ्या ओळखीची. मी पहिल्याच आठवड्यात तक्ता केला. बीपी, साखर, ताप, लघवी किती झाली, कूस किती वाजता बदलली. दर दोन तासांनी कूस बदलायची, तिचा गजर माझ्या फोनवर. नर्सिंगमध्ये आकडे उपरे आहेत असं कुणी समजू नये. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला दिवा घेतलेली बाई म्हणून माहीत आहे, पण ती लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीची पहिली स्त्री सदस्य होती. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले, हे तिने आकृत्या काढून दाखवलं. बेडसोअरचंच घ्या. तो कुणाला होण्याचा धोका जास्त आहे हे ठरवायला ‘ब्रेडन स्केल’ नावाची मोजपट्टी आहे, १९८७ सालची. जाणीव, ओल, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल, जेवण आणि घासलं जाणं अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज ६ ते २३ च्या दरम्यान येते, आणि जितकी कमी तितका धोका जास्त. मला ती फार आवडली. घरी बसून कुणीही करू शकतं.

फुफीला बेरीज येत नाही. ती चौथीपर्यंत शिकली आहे. पण तिचं अर्धं आयुष्य खारजमिनीत गेलंय. खाडीकडच्यांना सांगायला नको, पण इथे बाहेरून आलेली मुलंही आहेत म्हणून सांगतो. आपली भातशेती समुद्राच्या पाण्यापासून मातीच्या बांधावर तगून आहे. बांध फुटतो तो उधाणाच्या दिवशी, पण त्याची सुरुवात आधी कधीतरी खेकड्याच्या बिळातून झालेली असते. फुफी अब्बांची पाठ रोज सकाळी उजेडात बघायची, माकडहाड, टाचा, घोटे, कोपर, कानामागे. म्हणायची, ‘बीळ बघते.’ लालसर डाग दिसला आणि बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडला नाही, की त्या दिवशी त्या कुशीवर झोपवायचं नाही. पाठ्यपुस्तकात बेडसोअरच्या पहिल्या पायरीची खूण हीच दिली आहे. फुफीने पुस्तक पाहिलेलं नाही.

आता दोन प्रसंग सांगतो. एका रात्री माझ्या तक्त्यात सगळं ठीक होतं. ताप नाही, ऑक्सिजन ९७, बीपी नेहमीसारखं. फुफी जेवण भरवून बाहेर आली आणि म्हणाली, ‘आज हा माझा भाऊ नाही. मुकाट्याने जेवला.’ अब्बा रोज चौथा-पाचवा चमचा डाव्या हाताने ढकलायचे आणि एक ‘बरं’ ओरडायचे, म्हणजे आता पुरे. त्या दिवशी ढकललं नाही. एवढंच. सकाळी लघवी तपासली तर संसर्ग निघाला. ताप त्यानंतर चढला. म्हाताऱ्या माणसात अशा संसर्गाची पहिली खूण कधीकधी वागण्यातच दिसते, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. फुफीने ते त्यांच्याआधी बारा तास सांगितलं होतं.

दुसरा प्रसंग रमजानमधला. अब्बा दुपारी पेंगायला लागले. फुफी म्हणाली, रमजानात सगळेच दुपारी पेंगतात, झोपू दे त्याला. पण दुपारची साखर चार दिवसांत ११०, ९२, ८१ आणि मग ६८. सत्तरच्या खाली म्हणजे धोका. साखर चाटवली, डॉक्टरांना फोन केला आणि शोध सुरू झाला. सकाळचं इन्सुलिन जात होतं, मग जेवण कुठे जात होतं? बहिणीने अब्बांच्या उजव्या गालात बोट घातलं. लकव्याच्या बाजूला घास साठतो, ते गाल रोज साफ करावे लागतात. पण हा घास साठलेला नव्हता, साठवलेला होता. खोलीत कुणी नसलं की अब्बा तो डाव्या हाताने काढून टॉवेलात पुसायचे. आमचा सारंग चोरून रोजा ठेवत होता.

या प्रसंगात आकड्याने फुफीला हरवलं, आदल्यात फुफीने आकड्याला. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या घरात यांपैकी एकालाच बोलायची परवानगी असते, त्या घरातला आजारी धोक्यात असतो.

पण रोज्याचा प्रश्न आकड्याने सुटणारा नव्हता, हाताच्या कसबानेही नव्हता. तिथून नीतीची वाट सुरू होते. आजाऱ्याला सूट खुद्द कुरआनमध्ये आहे, फिदयाची सोय आहे, हे आम्ही सगळे जाणत होतो, अब्बाही जाणत होते. इयादतला आलेले काही जण म्हणायला लागले, ‘सुभानअल्लाह, ईमान बघा.’ ज्याचं शरीर इन्सुलिनवर आहे त्याच्या उपाशी राहण्याचं कौतुक करणं फार सोपं असतं, रात्री त्याच्याजवळ बसायचं नसेल तर. आम्ही जबरदस्तीने भरवू शकलो असतो. दोन माणसांनी हात धरले की झालं. काही घरांत असं होतं, आणि त्यालाही सेवाच म्हणतात. पण ज्याच्याकडे एकच शब्द उरलाय, त्याच्याकडे नकार द्यायला तोंड बंद ठेवण्यापलीकडे काय असतं? तो नकार ऐकायचा की नाही?

शेवटी मशिदीतल्या मौलानांना बोलावलं. त्यांनी पाऊण तास बसून अब्बांना सगळं नीट समजावलं, फिदया किती, कुणाला द्यायचा, हेही. अब्बांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, ‘बरं.’ हे कोणतं ‘बरं’ ते आम्हाला ओळखू आलं. दुसऱ्या दिवसापासून जेवले. फक्त फुफीने एक केलं: मगरिबच्या वेळी त्यांना उठवून बसवायचं आणि आमच्याबरोबर त्यांच्या जिभेवर कुस्करलेल्या खजुराचा तुकडा ठेवायचा. बसवायचं नीट ताठ, हनुवटी जरा खाली, आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. त्या खजुराला फतवाही लागला नाही आणि डॉक्टरची चिठ्ठीही.

स्वतःला ओळखण्याची जी तिसरी वाट, तिच्यावर मुलांना थोडं जास्त बोलतो. आपल्याकडे धुणं-पुसणं सुनेच्या किंवा बायकोच्या वाट्याला येतं. आमच्याकडे ठरलं की अब्बांचा सतर सांभाळून त्यांची अंघोळ, डायपर, कॅथेटरची पिशवी हे मुलगाच करील. मला शिकवायला पेणच्या एक निवृत्त सिस्टर यायच्या. त्यांनी पहिल्या दिवशी दाराशी थांबून दारावर टकटक केलं. मी म्हटलं, ‘सिस्टर, ते बोलू शकत नाहीत.’ त्या म्हणाल्या, ‘ऐकू तर येतं ना.’ मग त्यांनी प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगायला शिकवलं: ‘काका, आता पाणी कोमट आहे, पाठीपासून सुरुवात करते. काका, आता डावीकडे वळवते.’ पहिले पंधरा दिवस अब्बा अंघोळ होईपर्यंत डोळे घट्ट मिटून घ्यायचे. ज्या मुलाला त्यांनी हाताने धुतलं होतं, तो त्यांना धूत होता. या खोलीत बुजलेली माणसं दोन होती, आणि दुसऱ्याचं बुजणं मोडल्याशिवाय पहिल्याचं मोडणार नाही, हे सिस्टरना दिसत होतं. त्यांनी मला सांगितलं, हात लावण्याआधी एक मिनिट थांब आणि बघ, तुझा श्वास कसा चाललाय. रागात असशील तर दुसऱ्याला पाठव. पहाटे तीनला चौथ्यांदा चादर बदलताना राग येतो, कुणालाही येतो. जे म्हणतात येत नाही, त्यांनी चादर बदललेली नसते.

आता सॉफ्टवेअर. ह्युबर्ट ड्रायफस नावाचे एक तत्त्वज्ञ बर्कलीला शिकवायचे. १९७२ साली त्यांनी ‘व्हॉट कंप्यूटर्स कान्ट डू’ हे पुस्तक लिहिलं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवाल्यांचा रोष ओढवून घेतला. (त्याआधी १९६७ मध्ये ते स्वतः एका प्रोग्रॅमकडून बुद्धिबळात हरले होते. ती गोष्ट त्यांच्या विरोधकांनी त्यांना कधी विसरू दिली नाही.) पुढे ह्युबर्ट आणि त्यांचे भाऊ स्टुअर्ट यांनी अमेरिकन हवाई दलासाठी, माणूस एखादं कौशल्य कसं शिकतो याचा १९८० मध्ये आराखडा मांडला. नवशिका नियम पाठ करून चालतो. तिथून पाच पायऱ्या चढत जो तरबेज होतो, त्याला नियम आठवावा लागत नाही, त्याला परिस्थितीच तशी दिसते. हा आराखडा पुढे सर्वांत जास्त कुणी वापरला असेल तर नर्सेसनी. पॅट्रिशिया बेनर यांनी नर्सेसशी बोलून, त्यांचे अनुभव नोंदवून, १९८४ साली ‘फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट’ लिहिलं. मॉनिटर वाजण्याआधी ‘या पेशंटचं काहीतरी बिघडतंय’ हे अनुभवी नर्सला कसं कळतं, ते त्यात आहे.

ड्रायफसनी यंत्रांना जमणार नाही म्हणून सांगितलेल्या कितीतरी गोष्टी आज यंत्रं करतात. मी स्वतः त्याच धंद्यात आहे, मला त्याचा खेद नाही. पण यंत्र शिकतं ते नोंदलेल्यावरून. आणि आपल्याकडे नोंदलं काय जातं? इस्पितळाच्या सॉफ्टवेअरमध्ये बीपीला रकाना असतो, तापाला असतो, साखरेला असतो. ‘चमचा ढकलला नाही’ याला रकाना नसतो. काही देशांतल्या इस्पितळांनी यावर एक तोड काढली आहे. तिथे तातडीचं पथक बोलवायच्या निकषांत नाडी, श्वास, बीपी यांच्या आकड्यांबरोबर ‘नर्सला काळजी वाटते’ हाही निकष असतो. कारण सांगता आलं नाही तरी चालेल, काळजी वाटते एवढं पुरे. मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी फुफीसाठी रकाना ठेवला.

रकाना कुणाला मिळतो हा शास्त्राचा प्रश्न नाही, सत्तेचा आहे. कार्परच्या चार वाटांना पुढे जिल व्हाइट यांनी १९९५ मध्ये पाचवी जोडली ती हीच: कुणाच्या जाणण्याला किंमत आहे, निर्णयाच्या वेळी खोलीत कोण असतं. याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे.

अरुणा शानबाग केईएममध्ये नर्स होती. २७ नोव्हेंबर १९७३ ला इस्पितळातच तिच्यावर हल्ला झाला, गळा आवळल्याने मेंदूला इजा झाली आणि ती पुन्हा उठली नाही. ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी तिला सांभाळलं. ज्यांनी तिच्याबरोबर काम केलं होतं त्या निवृत्त झाल्या, मग ज्यांनी तिला कधी चालताना पाहिलं नव्हतं अशा मुलींनी तो वारसा घेतला. लेखिका-पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की तिला अन्न देणं थांबवून तिची सुटका होऊ द्यावी. त्यांचा प्रश्न क्रूर नव्हता. असं जगणं हे जगणं आहे का, हे विचारायला धैर्य लागतं. न्यायालयाने तीन डॉक्टरांचं पथक पाठवलं. एका बाजूला मेंदूच्या स्थितीचा अहवाल, आणि दुसऱ्या बाजूला इस्पितळाचं म्हणणं: तिला मासळी आणि चिकनचं सूप आवडतं, ती आवाज करून सांगते, आणि इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोअर झालेला नाही. ७ मार्च २०११ ला निकाल लागला. न्यायालयाने ठराविक परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, उपचार थांबवण्याची वाट उघडी केली. पण अरुणाच्या बाबतीत सांगितलं, की तिची खरी ‘नेक्स्ट फ्रेंड’, तिच्या वतीने बोलण्याचा हक्क असलेली, म्हणजे केईएमची माणसं. १८ मे २०१५ ला ती वारली.

त्या निकालावर वाद घालता येतो. नर्सेसची माया त्यांच्या नजरेच्या आड येत नव्हती कशावरून, असं कुणी विचारलं तर मी त्याला गप्प करणार नाही. माझ्यासाठी त्यातली मोठी गोष्ट वेगळी आहे. देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, चमचा धरणाऱ्या हाताला जे कळतं ते साक्ष म्हणून ऐकलं. ‘तिला मासळी आवडते’ हे वाक्य निकालाच्या कागदावर आलं. आमच्याकडे अब्बा जिताड्याचा रस्सा असला की दोन चमचे जास्त घ्यायचे. फुफीच्या त्या नोंदीचं वजन मला त्या दिवशी कळलं.

अब्बा २०२३ मध्ये गेले. गुस्ल देताना मी होतो. गावातले जे बुजुर्ग हे काम करतात, त्यांनी अब्बांना कुशीवर वळवलं, पाठीवर पाणी सोडलं, आणि हात थांबवून म्हणाले, ‘अडीच वर्षं अंथरुणात होता ना हा?’ पाठीवर ओरखडादेखील नव्हता. मी बाहेर येऊन हे फुफीला सांगितलं. ती रडत होती, तशीच म्हणाली, ‘बीळ बुजवत होते रोज.’

आता तुमच्याशी भांडणाचा मुद्दा. आपल्या बायकांच्या बाळंतपणाला आपल्याला लेडी डॉक्टर लागते, सिस्टर लागते, पुरुष वॉर्डबॉय आत आलेला चालत नाही. पण घरातली मुलगी म्हणाली, मला नर्सिंग करायचंय, की रात्रपाळी आठवते, परक्या पुरुषाला हात लावणं आठवतं, लग्नाच्या बाजारातला भाव आठवतो. म्हणजे नर्स हवी, पण दुसऱ्याच्या घरातली. सीरतच्या ग्रंथांत रुफैदा अल-अस्लमिया यांचं नाव आहे. मदिनेत मशिदीच्या आवारात त्यांचा तंबू होता आणि खंदकच्या लढाईत जखमी झालेले साद इब्न मुआज यांना त्याच तंबूत ठेवलं होतं. जखमी परका होता, पुरुष होता. आणि आपल्या महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. मुंढव्याचा एक प्लेग झालेला मुलगा त्यांनी पाठीवरून दवाखान्यात आणला होता. ही दोन नावं आपण भाषणांत घेतो आणि अ‍ॅडमिशनच्या वेळी विसरतो. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बीएससी नर्सिंग चार वर्षांचा. जीएनएम आणि बीएससीला मुलांनाही प्रवेश मिळतो, हे मुलांसाठी सांगतो. बार्जवर नोकरी, नाहीतर आखातात, यापलीकडे इथल्या मुलाला कुणी काही सुचवत नाही म्हणून सांगतो.

आणि जे नर्सिंग करणार नाहीत, त्यांच्या घरातही आज ना उद्या एक खाट पडेल. भाऊ पैसे पाठवील, पाहुणे मोसंबी आणतील. खोलीत कोण असेल ते आत्ताच ठरवा, आणि त्यात मुलगे असू द्या. एक वही ठेवा. आमच्या वहीत डाव्या पानावर आकडे असायचे, ते मी लिहायचो. उजव्या पानावर फुफी सांगायची आणि माझी पुतणी लिहून घ्यायची, फुफीच्याच शब्दांत: ‘आज दोनदा खाडीकडे बघितलं.’ ‘दाढी करताना हसला.’ ‘बरं म्हणाला, पण ते बरं नव्हतं.’ पेणच्या डॉक्टरांनी पुढे पुढे डावं पान बघायच्या आधी उजवं मागायला सुरुवात केली.

वही मी आणली आहे, मागच्या टेबलावर आहे, बघून घ्या. फुफीही आली आहे, तिसऱ्या रांगेत, निळ्या ओढणीतली. लकव्याच्या माणसाला कसं वळवायचं, कसं बसवायचं, चमचा गालाच्या कुठल्या बाजूने द्यायचा, हे ती दाखवणार आहे. त्यासाठी एक जण खाटेवर आडवा व्हायला हवा. मुलांपैकी कोण येतंय?